पोटरी फाटा, गुडघा चौक

माझे सासरे बसकंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या घराची बस झाली.

चहा ते उभ्यानंच प्यायचे, एक हात दाराच्या चौकटीला धरून. स्वयंपाकघरात दोन माणसं एकत्र दिसली की म्हणायचे, "पुढे सरका, पुढे मोकळं आहे." पुढे ओटा होता. पाहुण्यांचा चहा संपला की भिंतीवर दोनदा टकटक करायचे, म्हणजे निघा आता. नवऱ्याच्या एका मावशीनं ते इतकं मनाला लावून घेतलं की ती पुन्हा फिरकलीच नाही. त्याबद्दल सासूबाईंची काही तक्रार नव्हती. पण एके दिवशी त्या स्वतःच्या खुर्चीवर भाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा बाबा येऊन म्हणाले, "उठा, ही सीट राखीव आहे." तिथे मात्र त्यांची सहनशक्ती संपली.

"सूनबाई," त्यांनी मला हाक मारली, "तू त्या विद्यापीठात काय शिकायला जातेस गं?"

"आरोग्य आणि स्वास्थ्य."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे नीट झोपायचं कसं, श्वास घ्यायचा कसा, निवांत राहायचं कसं."

"याला किती दिवस लागतात?"

"तीन वर्षं."

"वयाची अट?"

"काही नाही."

"मग यांना घेऊन जा," असं म्हणून त्यांनी उरलेली भाजी निवडायला घेतली.

तर अशा रीतीनं मी आणि माझे सासरे एका वर्गात आलो. जगात सुनांना नाना प्रकारच्या अडचणी असतात, पण शेवटच्या बाकावर डुलकी लागावी आणि पुढून सासऱ्यांनी वळून बघावं, हा प्रकार माझ्याच नशिबी होता. बाबा स्वतः पहिल्या बाकावर, दाराला लागून बसायचे. सगळे आत आल्याची खात्री झाल्याशिवाय दार लावू द्यायचे नाहीत, आणि ती झाल्यावर बाकावर दोनदा टकटक करायचे. त्याशिवाय शिकवायला सुरुवात करायची नाही, अशी विभागाच्या प्रमुखबाईंनाही सवय लागली. पोरं त्यांना पहिल्याच आठवड्यात 'मास्तर' म्हणू लागली. कंडक्टरला मास्तर म्हणतातच, त्यात वावगं काही नव्हतं. पण "मास्तर, हे नाही कळलं" असं कोणी म्हणालं की आहार शिकवणाऱ्या सरांच्या आधी बाबाच उत्तर द्यायचे, आणि पोरं ते उतरवून घ्यायची.

आमचा विभाग तळमजल्यावर होता. 'मनःशांती कक्ष' आणि जनरेटर यांच्यात एकच भिंत होती. शांतता शिकवणाऱ्या प्रमुखबाईंची डावी पापणी सारखी फडफडायची, आणि त्या इतक्या वेगानं चालायच्या की त्या गेल्यावर फळ्यावरच्या सूचना हलत राहायच्या. आहाराचे सर घास बत्तीस वेळा चावावा म्हणून सांगायचे आणि स्वतः दोन तासांच्या मधे डब्याच्या झाकणातच, उभ्यानं, दोन घासात जेवण उरकायचे. बाबांना त्यांच्याबद्दल फार आपुलकी होती. "आपल्यातला माणूस आहे," असं म्हणायचे.

बाबांचा अभ्यास यथातथाच होता. तोल सांभाळण्याच्या प्रात्यक्षिकात ते सगळ्यात पुढे असतील असं मला वाटलं होतं. आयुष्य ज्याचं धावत्या गाडीत उभं राहून गेलं, त्याला एका पायावर उभं राहणं म्हणजे किस झाड की पत्ती. पण झालं उलटंच. बाबा धाडकन पडले. उठून कपडे झटकत म्हणाले, "इथली जमीन हलत नाही हो. तोल सांभाळायचा कशाच्या विरुद्ध?"  बाईंनी अर्धे गुण दिले.

आणि मग शिथिलीकरणाची परीक्षा आली.

शिथिलीकरण म्हणजे समोरच्या माणसाला आडवं करायचं आणि नुसत्या बोलण्यानं त्याचं अंग सैल करत न्यायचं. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात, डोक्याशी शेवट. परीक्षा घ्यायला दुसऱ्या विद्यापीठातून एक मोठे सर यायचे होते. आम्हाला लावलेलं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. त्यांचा दरारा असा की मागच्या वर्षी त्यांनी अख्खा वर्ग नापास केला होता, म्हणे. ते परीक्षा वेगळ्याच पद्धतीनं घ्यायचे. स्वतःच सतरंजीवर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "करा मला शिथिल."

सर आले ते जणू कांदा चिरता चिरता उठून आल्यासारखे. डोळे लालभडक, हातात दोन फोन, खांद्याला बॅग. सकाळपासून वीज गेली होती आणि भिंतीपलीकडे जनरेटर घरघरत होता. बाईंनी त्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "सबबी नकोत. पहिला कोण?"

पहिली मीच.

सर आडवे झाले. माणूस कसला, इस्त्रीचा फळाच तो. मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली, "कल्पना करा, तुमच्यासमोर एक निळंशार तळं आहे..."

"कोणत्या बाजूनं यायचं तळ्यावर?" सरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"अं... कुठूनही."

"कुठूनही कसं? वाट नको? बरं, पुढे."

"तुम्ही काठावर उभे आहात. पाय पाण्यात सोडले आहेत..."

"उभं राहून पाय कसे सोडणार? आणि चप्पल कुठे काढायची?"

पुढचं मला काही आठवत नाही. तळ्यात बहुतेक मीच बुडाले. सर म्हणाले, "अनुत्तीर्ण. पुढचा."

पुढचे बाबा होते. ते सरांच्या उशाशी उभे राहिले. बाईंनी दहादा सांगितलं होतं की खाली बसून बोलायचं, पण बाबा बसून बोलूच शकत नाहीत. त्यांनी एक हात खिडकीच्या गजाला लावला आणि गप्प झाले. पाठ केलेलं सगळं उडालं होतं, हे मला मागून त्यांच्या मानेवरच्या घामावरून कळलं. वर्गात जनरेटरची तेवढी घरघर. बाबा ती ऐकत राहिले. मग त्यांनी गजावर दोनदा टकटक केली.

"चला," ते नेहमीच्या, थोड्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "अंगठा. अंगठा सुटला. अंगठ्याचं आहे का कोणी? नाही. जाऊ द्या."

सरांच्या कपाळावर आठी पडली.

"टाच. टाचेला उतरणारे पुढे या. सावकाश, घाई नाही, गाडी थांबलेली आहे. जाऊ द्या. घोटा. पोटरी फाटा. फाट्यावर कोणी नाही. गुडघा चौक, गुडघा चौक! वाकायचं असेल त्यांनी इथेच वाकून घ्या, पुढे थांबा नाही. जाऊ द्या. मांडी. मांडी लांब आहे, तोवर बसून घ्या सगळे."

वर्गातली पोरं तोंडात रुमाल कोंबून बसली होती. प्रमुखबाईंची पापणी पाखरासारखी फडफडत होती. मी जमिनीकडे बघत होते, म्हटलं धरणी दुभंगली तर बरं. पण मग माझं लक्ष सरांच्या पायांकडे गेलं. मघाशी छताकडे ताठ उभी असलेली पावलं आता दोन बाजूंना कलली होती.

"पोट. पोटाला गर्दी आहे, जरा दम धरा. छाती. खांदा आला, खांदा. ओझी खाली ठेवा हो, डोक्यावर घेऊन कशाला बसता, कोणी नेत नाही तुमचं..."

आणि सर घोरले. हलकंसं नाही, चांगलं दणदणीत, गिअर बदलल्यासारखं.

बाबा थांबले.

"थांबलात का?" बाई कुजबुजल्या. "मान राहिली. डोकं राहिलं."

"उतारू झोपलाय," बाबाही कुजबुजले. "त्याला जायचं कुठवर ते बघायला हवं आधी." आणि सरांच्या कानाशी वाकून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "साहेब, तिकीट?"

"पास," सर झोपेतच म्हणाले. अगदी स्पष्ट.

बाईंची पापणी जागच्या जागी थांबली. "पास म्हणाले! ऐकलंत ना? पास झाले मास्तर!"

"बाई, ते बसच्या पासाचं म्हणाले," आहाराचे सर हळूच बोलले.

"कशावरून? परीक्षा चालू आहे, परीक्षक पास म्हणतोय. त्याचा वेगळा अर्थ लावणारे आपण कोण?"

"पण ते झोपेत आहेत."

"झोपला तरी परीक्षक तो परीक्षकच."

बाबांना हे मुळीच मान्य नव्हतं. "पास म्हणतात सगळेच," ते पुटपुटले. "दाखवला कुठे?"

आता पेच असा पडला की सरांना उठवायचं कोणी? त्यांच्याच पुस्तकात, त्यांच्याच शब्दांत, जाड अक्षरात छापलेलं होतं की गाढ झोपलेल्या माणसाला उठवणं हा त्याच्यावरचा हल्ला आहे. परीक्षेला हाच प्रश्न हमखास यायचा. परीक्षकावर हल्ला करायला कोणी तयार होईना. दुसरीकडे नियम असा की परीक्षा त्याच दिवशी आणि परीक्षकाच्या उपस्थितीत पुरी व्हायला हवी. बाईंनी थोडा विचार केला. सर उपस्थित होतेच की. उलट इतके उपस्थित ते पूर्वी कधी नव्हते.

"पुढचा," बाईच म्हणाल्या.

पुढचा होता आमच्या वर्गातला पहिलवान. एवढा मोठा गडी, पण कासावीस झाला. "बाई, आधीच सैल झालेल्याला मी काय सैल करू?" त्यानं सरांचा हात जरा उचलून सोडला, तो ओल्या टॉवेलसारखा पडला. पहिलवानानं इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकला आणि म्हणाला, "सर, तिकीट?"

"पास."

झालं! मग काय विचारता. रांगच लागली. एकेक जण यायचा, वाकायचा, तिकीट विचारायचा, पास होऊन जायचा. एकानं तर बाहेर थांबलेल्या, दुसऱ्या विभागातल्या मित्रालाही आत आणलं. त्याला बाईंनी हाकललं. पण तोही पास झाला होता.

राहिले मी. "बाई, मी पुन्हा विचारू का?"

"तुझी परीक्षा झाली बाळा. जागेपणी झाली. तुझा निकाल पक्का आहे, या बाकीच्यांचं अजून बघावं लागेल."

तरी मी बाईंची पाठ वळल्यावर सरांच्या कानाशी गेले. "सर, तिकीट?"

सरांच्या कपाळावर पुन्हा ती आठी आली.  मग ते म्हणाले, "चप्पल कुठे काढायची?"

संध्याकाळ झाली तरी सर उठले नाहीत. सगळे आपापल्या घरी जायला निघाले, बाबा मात्र हलेनात. मी म्हटलं, "बाबा, चला, आई वाट बघत असतील."

"उतारू गाडीत असताना कंडक्टर घरी जातो का?" ते म्हणाले. मग आवाज उतरला त्यांचा. "इतक्या वर्षांत माझ्या गाडीत किती माणसं झोपली असतील गं. पण ती दमलेली होती म्हणून झोपली, खिडकीला वारं होतं म्हणून झोपली. माझ्यामुळे झोपलेला हा पहिलाच."

 मी बाईंच्या खोलीतून त्यांना एक उशी आणून दिली. ती त्यांनी सरांच्या मानेखाली सरकवली.

तेवढ्यात सरांच्या बॅगेतला एक फोन वाजला. मी घाईनं उचलला, वाटलं आवाजानं उठायचे. पलीकडे सरांची बायको होती.

"झोपलेत," मी सांगितलं.

"कोण?"

"सर."

"आमचे?" पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "हे बघा, मी येते. तोवर कोणी हात लावू नका त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा सर तसेच होते, बाबा गज धरून तसेच, आणि सतरंजीच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. सरांकडे त्या अशा बघत होत्या जसं नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे बघतात.

"डोळे मिटल्यावर बरे दिसतात नाही?" त्या मला म्हणाल्या. "मी कधी पाहिलेच नव्हते. आमच्याकडे मी झोपले की हे जागे राहून बघतात, मी बरोबर झोपते की नाही. मान चुकीची आहे म्हणून मला उठवतात. ते पुस्तक असंच तर लिहिलंय त्यांनी."

"पण पुस्तकात तर लिहिलंय, उठवू नये म्हणून..."

"ते दुसऱ्यांसाठी."

एवढ्यात दारात दोन गृहस्थ उभे राहिले. तिसऱ्याच विद्यापीठातून, गाडी घेऊन. त्या दिवशी सरांना त्यांच्याकडे परीक्षा घ्यायची होती. प्रमुखबाईंनी परिस्थिती सांगितली. ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यांतला टकलू म्हणाला, "काही हरकत नाही. सतरंजीसकट नेतो. आमच्याकडेही असेच चालतील."

"चालतील काय, पळतील," दुसरा म्हणाला. "मागच्या वेळी जागे होते तेव्हा आमचा निकाल फारच वाईट लागला होता."

दोघांनी सतरंजीची टोकं धरली. बाबा मधे आडवे आले.

"ठेवा खाली."

"तुम्ही कोण?"

"हा उतारू माझ्या गाडीतला आहे. मधेच दुसऱ्या गाडीत घालायचा नाही. मान बाकी आहे त्यांची."

"मग करा ना पटकन मान!" टकलू चिडून म्हणाला. सतरंजीचं टोक काही त्यानं सोडलं नाही.

बाबांनी सदरा नीट केला. गजावर टकटक केली. "मान. मानेचं आहे का कोणी? जाऊ द्या. हनुवटी. ओठ. ओठांना थांबा नाही, गप्प बसून राहा. गाल. डोळे आले, डोळे! शेवटचा थांबा, उतरून घ्या सगळे, गाडी रिकामी करायची आहे!"

आम्ही श्वास रोखून बघत होतो. सरांनी कूस बदलली, आणि गयावया केल्यासारखं म्हणाले, "डेपोपर्यंत येऊ द्या ना."

बाबांचा चेहरा पडला. असं म्हणणाऱ्या माणसाला ते कधी नाही म्हणू शकले नसावेत. "बघा," ते त्या दोघांना म्हणाले, "आता डेपोला नेल्याशिवाय मी सोडू शकत नाही."

"डेपो कुठे आहे?" प्रमुखबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी डोक्याकडे बोट केलं, मग छताकडे केलं, मग हात खाली घेतला.

सतरंजीचं एक टोक त्या दोघांच्या हातात, दुसरं एव्हाना येऊन पोचलेल्या पहिलवानाच्या, मधे सर घोरताहेत, आणि सगळे डेपोवर वाद घालताहेत, अशा अवस्थेत अचानक दिवे लागले. वीज आली होती. भिंतीपलीकडे जनरेटर दोन आचके देऊन बंद पडला. कालपासून चाललेली ती घरघर थांबली, आणि इतकी शांतता झाली की आपलेच कान आपल्याला ऐकू यावेत.

सर ताडकन उठून बसले.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं," बाबा म्हणाले.

सर उभे राहिले, बॅग खांद्याला लावली, कोणाकडे न बघता वर्गाच्या दारातून बाहेर पडले आणि व्हरांड्यात थबकून इकडेतिकडे बघू लागले. चेहरा असा, की कोणी धुऊन वाळत घालून घडी करून ठेवलाय. मागून त्यांची बायको त्यांचे बूट घेऊन धावली, तिच्यामागून निकालाचा कागद घेऊन प्रमुखबाई.

सरांनी कागद वाचला. "सगळे उत्तीर्ण? माझ्या हातून?"

"हो सर."

"आणि ही एकच का नापास?"

"तिची परीक्षा आपण जागे असताना घेतली सर."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी सही केली. ती करताना त्यांनी बाबांकडे एकदा निरखून पाहिलं. ओळखीचं वाटावं पण आठवू नये, असं. मग त्या दोघांच्या गाडीत जाऊन बसले. त्या विद्यापीठाचा निकाल नंतर फारच वाईट लागला, असं ऐकलं.

घरी पोहोचलो तर सासूबाई दारातच. शेवटपर्यंतची हकिकत ऐकून घेतल्यावर त्यांनी बाबांकडे असं पाहिलं, की मीच दोन पावलं मागे सरले.

"सुनेच्या आधारानं शिकायला गेलात, आणि तिला नापास करून स्वतः पास होऊन आलात?"

"मी कुठे केलं? ती तळ्यावर गेली," बाबा म्हणाले.

"ते काही नाही. तिला शिकवा आता. आणि आधी मला करून दाखवा काय ते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

पुढच्या खोलीत चटई पसरली. सासूबाई एका कडेला, नवरा रात्रपाळीवरून नुकताच आला होता तर त्यालाही त्यांनी दुसऱ्या कडेला आडवं केलं. मी वही घेऊन भिंतीशी बसले. बाबांनी चौकट धरली, घसा साफ केला.

"चला. अंगठा. अंगठ्याचं आहे का कोणी?"

"कोणता, डावा की उजवा?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही एकदम कसे? आणि हे बघा, उजव्या टाचेला माझ्या भेग आहे, तिथे फार वेळ थांबू नका."

"थांबत नाही. घोटा. पोटरी फाटा..."

"पोटरीवरून कशाला नेताय? सरळ पुढून न्या, नडगीवरून. जवळ पडतं."

"तो रस्ता नाही."

"चाळीस वर्षं पाय माझे आहेत की तुमचे?"

"चाळीस नाही, जास्त," मधून नवरा म्हणाला.

"तू गप्प पड! तुला सैल व्हायला सांगितलंय ना?"

बाबा मांडीपर्यंत कसेबसे पोहोचले. तिथे सासूबाई उठून बसल्या, कारण मांडी लांब आहे असं ते म्हणाले होते आणि त्यांना वाटलं की ते त्यांच्या जाडीबद्दल बोलताहेत. ते भांडण इतकं रंगलं की पोट, छाती, खांदा सगळं राहूनच गेलं. बाबा बोलता बोलता कधी चौकट सोडून चटईवर बसले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नवऱ्यानं मला खुणेनं विचारलं, यातलं काय लिहून घेतलंस? मी वही मिटली आणि सगळ्यांना चहा टाकायला उठले.